खिडकीतला हात

आप्पांच्या शेडमध्ये "आवाज येतोय" म्हणून एखादी गाडी आली की आधी सगळं घर गप करावं लागे. काकू स्टोव्हवरचा कुकर खाली उतरवायच्या, रेडिओचा कान पिळायच्या, कोंबड्यांना मागच्या अंगाला हुसकायच्या. दारातल्या शेळीपुढं मी सुबाभळीचा पाला टाकायचे, कारण तोंडात चारा असला की ती ओरडत नसे. मग आप्पा गाडीवाल्याला स्टेअरिंगवर बसवून म्हणायचे, "आता तू बोलू नगंस. तिला बोलू दे." आवाज टकटक येतो का खडखड, हे सांगायला कुणी तोंड उघडलं तरी त्यांना चालत नसे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते इंजिनाला लावायचे, लाकडी मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. बाहेर पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रक धावत असायचे, पण शेडमध्ये देवळातल्यासारखी शांतता. तळेगाव ढमढेऱ्याहून, शिरूरहून, पार पाबळहून लोक यवतला यायचे ते या कानासाठी. "आप्पांचा कान हाय," असं लोक म्हणायचे. एखाद्याची विहीर हाय किंवा जमीन हाय म्हणावं तसं.

आप्पांचे वाडवडील मेंढरं राखायचे. आप्पा लहानपणी कळपामागं हिंडलेले. ते सांगायचे, "आमचा आज्जा अंधारात बसल्याजागी सांगायचा कुठली मेंढी खोकली आन् काय खाऊन खोकली. मेंढरं गेली, कान तेवढा वारशात आला." हे ते इतक्यांदा सांगायचे की काकू पुढचं वाक्य स्वतःच पुरं करायच्या. मला मात्र ते दर वेळी नवं वाटायचं. त्या घरातलं सगळंच मला नवं आणि उसनं वाटायचं.

मी धारूरकडची. आईबापाबरोबर ऊस तोडायला दौंड तालुक्यात यायची, त्यामुळं दिवाळीनंतर वर्गातली माझी जागा दरवर्षी रिकामी राहायची आणि सातवीनंतर ती कायमची रिकामी झाली. एका हंगामात आमच्या टोळीचा ट्रॅक्टर यवतजवळ बंद पडला. आई तापानं फणफणली होती. दोन दिवस आम्ही आप्पांच्या अंगणात पडून होतो आणि काकूंनी न विचारता आमच्यापुढं हुलग्याचे शेंगोळे ठेवले, वर लसणाची फोडणी. काकूंचे गुडघे गेलेले, मूलबाळ नव्हतं. हंगाम संपून टोळी निघाली तेव्हा आईनं काकूंचा हात धरला. "पोरीला ठिवून घ्या. तिकडं नेली तर बाप यंदाच लगीन लावून उजवतोय तिला. जोडप्याचा एक कोयता धरत्यात, एकाचे दोन हुत्याल, दुसरं काय?" काकू म्हणाल्या, "राहू द्या. भाकरी टाकंल माझ्याजवळ." असं मी त्या घरात राहिले. दुसरी भाकरी मागून घ्यायला मला सहा महिने लागले. पाणी पिताना तांब्या वाजू द्यायचे नाही. आपण या घराला जड झालो तर कुठल्याही दिवशी परत पाचटाच्या कोपीत आणि उसाच्या फडात, हे माझ्या मनातून एक दिवस गेलं नाही.

आज मी शिरूरला खाणावळ चालवते. कारखान्यातली पोरं जेवायला येतात, बिहारकडची तर मला अम्मा म्हणतात, आणि एखादं नवं पोरगं ताटावर बसून दुसऱ्या चपातीकडं नुसतं बघत राहिलं की मला ते चटकन कळतं. मी विचारत नाही, वाढते.

माझ्या कानाची गोष्ट अशी कळली. कोपीवर असताना पहाटे कुणाचा ट्रॅक्टर उसाला येतोय हे मी अंथरुणातूनच ओळखायचे आणि आईला उठवायचे. उशीर झाला तर मुकादम शिव्या द्यायचा. तीच सवय. एकदा यवतच्या घरी मी पीठ चाळता चाळता बोलून गेले, "काकू, शेजारच्या गिरणीच्या पट्ट्याची शिवण उसवलीय. एकच जागा टकटक करतीय." आप्पा ओसरीवर बसले होते. संध्याकाळी गिरणीचा पट्टा तुटला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला शेडमध्ये एका जीपजवळ नेलं आणि हळूच विचारलं, "बारीक शिट्टीवानी काय ऐकू येतंय का तुला?" मी म्हटलं, "व्हय की. केवढी मोठी हाय." आप्पांनी जीप बंद केली. मग म्हणाले, "मला न्हाई येत. हे कुणाला बोलायचं न्हाई. काकूलाबी न्हाई."

काकूंना अर्थात ठाऊक होतं. आयुष्यभर एका छपराखाली राहिलेल्या बाईला नवरा बहिरा होत चाललाय हे कळत नाही होय?

त्यानंतर आमची एक रीत ठरली. गाडी उलटी आत घ्यायची, म्हणजे तिची पाठ स्वयंपाकघराच्या खिडकीकडं. आप्पा पुढं मडगार्डावर वाकलेले. मान जराशी वळवली की त्यांना खिडकी दिसायची. डिझेल इंजिनाच्या प्रत्येक सिलेंडरला एक बारीक पाइप जातो, त्याच्या टोकाला डिझेल फवारणारं तोंड, म्हणजे नोजल. चालू इंजिनात त्या पाइपाचा नट सैल केला की त्या सिलेंडरला डिझेल मिळत नाही आणि तो गप होतो. खडखड त्याचीच असली तर तीही गप होते. आप्पा एकेक नट सैल करायचे आणि मी खिडकीत भाकरी थापत ऐकायचे. आवाज तुटला की पिठाचा हात वर. हात वर म्हणजे थांबा, इथंच आहे. काम झाल्यावर गाडी पुन्हा चालू करायचे आणि खिडकीकडं बघायचे. आवाज राहिला असेल तर पुन्हा हात वर. गेला असेल तर मी थापतच राहायचे. जाड ठोका त्यांना दातांतल्या मुठीतून कळायचा, बारीक सगळं माझ्याकडं. त्या घरातल्या भाकरीला डिझेलचा वास असायचा आणि मला तो आवडायचा. आपला काही उपयोग आहे, असा तो वास होता.

आप्पा एकदाच म्हणाले होते, जेवताना, सहज. "ज्या दिशी कान चुकंल त्या दिशी शटर खाली." त्यांनी ते स्वतःबद्दल म्हटलं असेल. मी ते माझ्याबद्दल ऐकलं.

बबनमामा तळेगाव ढमढेऱ्याचे. त्यांच्याकडं एक जुनी पांढरी डिझेल गाडी होती, दोन मालकांच्या हातून आलेली. कुणाला दवाखान्यात, कुणाला लग्नाला, कुणाला देवाला न्यायचं हा त्यांचा धंदा. येताना बाजारातला फ्लॉवरचा गड्डा नाहीतर मेथीच्या दोन जुड्या काकूंसाठी आणायचे आणि दारातूनच ओरडायचे, "काय धारूरकर, भाकरी करपली का न्हाई आज?" मला त्या घरात गावाच्या नावानं चिडवणारं ते एकच माणूस. आप्पांनाही ते सोडत नसत. "आप्पा, तुमी डाक्टर असता तर पेशंटचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं असतं." आप्पा म्हणायचे, "पेशंट खोटं बोलतो. इंजिन न्हाई बोलत. म्हणून डाक्टर झालो न्हाई."

त्या दिवशी ते आले तेव्हा हसत नव्हते. चार दिवसांपासून गाडी टिकटिक करतेय, डोक्यात जातं, असं म्हणाले. श्रावण होता, दर सोमवारी भुलेश्वराच्या देवळाची भाडी होती, गाडी उभी ठेवून चालणार नव्हतं. काकूंनी कुकर उतरवला, मी शेळीपुढं पाला टाकला आणि खिडकीत जाऊन परात पुढ्यात ओढली. इंजिन चालू झालं. मला आवाज लगेच सापडला, इंजिनाच्या नेहमीच्या धडधडीवर एक सुकी टिकटिक, हरभरे पत्र्यावर ओतावेत तशी. आप्पांनी पहिला नट सैल केला. इंजिन लंगडलं, टिकटिक तशीच. दुसरा. तशीच. तिसरा नट सैल केला आणि टिकटिक बदलली, दबली, जवळजवळ गेली. मी हात वर केला. त्याच वेळी माझ्या परातीच्या कडेवर लाल उजेड पडला होता, एवढं मला दिसलं होतं.

आप्पांनी नट आवळला आणि मान हलवली. "तिसऱ्याचा नोजल गेलाय." बबनमामा आत बसून होते, इंजिन सुरूच. मी पुढची भाकरी घेतली. परातीवर पुन्हा लाल पडलं. टिकटिक पुन्हा दबली. लाल गेलं, टिकटिक आली. आता सगळे नट आवळलेले होते. मी मान वर करून बघितलं. बबनमामा, रस्त्यावर आयुष्य गेलेला माणूस, बसल्या बसल्या सवयीनं ब्रेकवर पाय देत होते. गाडीच्या मागचे दिवे लागत होते, आणि दिवे लागले की आवाज बदलत होता. म्हणजे तो मघाशी नटामुळं बदललाच नव्हता. तिसरा नट आणि मामांचा पाय एकाच वेळी पडले होते आणि मी हात वर केला होता.

याचा अर्थ काय, हे मला त्या दिवशी कळलं नाही, हे खरं आहे. ब्रेकला ओढ देणारा एक पंप असतो, तो इंजिनावर फिरतो, ब्रेक दाबला की त्याच्यावरचा भार बदलतो, हे मला नंतर कळलं. पण आपला हात चुकला, हे मात्र त्याच क्षणी कळलं होतं. एवढं पुरेसं होतं. आप्पांना हाक मारायची होती. पण गाडीवाल्यासमोर हाक मारली तर खिडकीतली पोरगी आप्पांचा कान आहे हे उघडं पडणार. मी ठरवलं की काम झाल्यावर आप्पा बघतील तेव्हा हात वर करीन. तशी रीतच होती.

दुपारपर्यंत नवा नोजल बसला. कुकर पुन्हा उतरला. इंजिन चालू झालं, आधीपेक्षा बरंच मऊ. जुना नोजलही थकलेलाच असणार. त्या मऊपणाखाली टिकटिक होती. बारीक, सुकी, होती तशीच. बबनमामा काचेतून डोकं काढून म्हणाले, "आप्पा, उलसा आवाज राहिल्यासारखा वाटतोय का?"

आप्पांनी स्क्रूड्रायव्हर दातांतून काढला. मान वळवून खिडकीकडं बघितलं.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. हात वर केला असता तर सकाळचा हात खोटा ठरला असता. चार माणसांत आप्पांनी गाडी पुन्हा उघडली असती, कान चुकला असता, शटर खाली आलं असतं. त्याच आठवड्यात टोळ्यांचे मुकादम फिरायला लागले होते, बाप कधीही दारात उभा राहिला असता. हे सगळं मी त्या क्षणात ओळीनं विचारात घेतलं असं म्हणणं खोटं होईल. मला फक्त भीती वाटली. माझे हात भाकरी थापत राहिले.

"नवा नोजल हाय," आप्पा बबनमामांना म्हणाले. "बसंल दोन दिवसांत. जा बिनघोर."

"तुमी म्हणताय म्हंजी झालं," बबनमामा म्हणाले. जाताना खिडकीशी वाकून मला म्हणाले, "धारूरकर, भुलेश्वराचा परसाद आणतो तुला. लगीन जमंल लवकर."

पुढच्या दिवसांत मी स्वतःला समजावत राहिले. आवाज काय, शंभर गाड्यांना असतो. टिकटिकीनं कुणी मरत नाही. मी काकूंच्या पायांना जास्तच तेल चोळायला लागले, भांडी दोनदा घासायला लागले. काकू म्हणाल्या, "काय गं, कुणाची नजर लागली का तुला?" शनिवारी आप्पांना सांगायचं ठरवलं, तर शनिवारी ते आनंदात होते, दौंडहून कुणीतरी नवं गिऱ्हाईक नाव ऐकून आलं होतं. रविवारी ठरवलं. रविवारी काकूंनी शेंगोळे केले, आप्पांनी स्वतः माझ्या ताटात वाढले. त्या ताटावर बसून मी ते कसं बोलू? आज वाटतं, त्या घराचे माझ्यावर उपकार नसते तर मी बोलले असते. उपकारांनी माणूस नम्र होतो म्हणतात. माझी तर वाचाच गेली.

सोमवारी भुलेश्वराच्या डोंगरावरून उतरताना गाडीचा ब्रेक दगडासारखा झाला. पंप बंद पडला तरी ओढ एक-दोन दाबांपुरती शिल्लक राहते, वरच्या वळणांवर ती संपली असणार. मागच्या सीटवर तळेगावच्या दोन म्हाताऱ्या होत्या. डावीकडं दरी. बबनमामांनी गाडी उजवीकडं डोंगराला घातली, म्हणजे ड्रायव्हरची बाजू कातळाला. म्हाताऱ्यांपैकी एकीचा हात मोडला, दुसरीला खरचटलं. मामा तीन दिवस दवाखान्यात होते आणि चौथ्या दिवशी गेले. शुद्धीत होते तेव्हा भावाला एवढंच म्हणाले की मी दाबत होतो, दाबला जात नव्हता.

चेपलेली गाडी भावानं आप्पांच्या दारात आणून टाकली. दोष द्यायला नव्हे. बबनची गाडी कुठं न्यायची तर आप्पांकडं, एवढ्याच हिशेबानं. पाच-सहा माणसं जमली. काकूंनी सवयीनं रेडिओ बंद केला. आप्पांनी आधी ब्रेकवर पाय दिला, मग हातानं दाबून बघितला. मग वाकडं झालेलं बॉनेट पहारीनं उचकटून इंजिनाच्या कडेचा तो लहान पंप सोडवला आणि उघडला. आतली पाती तुटून त्यांचा चुरा झाला होता. तळहातावर तो चुरा घेऊन ते उभे राहिले.

"हे एका दिवसात न्हाई झालं," ते म्हणाले. "ह्याचाच आवाज व्हता तो."

भाऊ म्हणाला, "मंग आप्पा, तुमच्या कानाला कसं घावलं न्हाई?"

मी खिडकीत होते. आप्पांनी मान वळवली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आवाजाची गोष्ट निघाली आणि त्यांनी खिडकीकडं बघितलं नाही.

"मला बारीक ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "चार वरसं झाली."

मग कुणीतरी विचारलं, "आन् एवढ्या गाड्या?"

"अंदाजानं," आप्पा म्हणाले. त्यांनी पंप फडक्यात गुंडाळून भावाच्या हातात दिला. "चूक माझी हाय. बबनच्या घरी मी सवता येऊन सांगतो." आणि त्याच दुपारी टोपी घालून ते एसटीनं तळेगावला गेले. तिथं कोण काय बोललं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. परत आले तेव्हा टोपी हातात होती.

दिवेलागणीला जेवायला बसलो. आप्पांनी भाकरी दुधात कुस्करली आणि कुस्करतच राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, नोजल बसवल्यावर मी बघितलं तवा आवाज गेला व्हता ना?"

काकूंचा हात परातीत थांबला. आता सांगितलं तरी आप्पांचं नाव परत येणार नव्हतं, बबनमामाही नाही. पण निदान आप्पांना कळलं असतं की ते एकटेच चुकले नव्हते. मला एवढंच करायचं होतं.

"गेला व्हता आप्पा," मी म्हणाले.

"मंग झालं," आप्पा म्हणाले. "तुलाबी न्हाई आलं ऐकू. मंग मला काय येणार?"

ते दूध त्यांनी प्यायलं नाही. शटर खाली आलं ते पुन्हा कामासाठी वर गेलं नाही. आप्पा पुढं पंक्चर काढायचे, सायकली दुरुस्त करायचे. आणि मला कुणी परत धाडलं नाही. ज्याला मी भ्याले ते झालंच नाही. दोन वर्षांनी त्यांनी मला पोटच्या मुलीसारखी शिरूरला दिली, काकूंनी स्वतःच्या हातातले गोठ काढून माझ्या हातात घातले. मांडवात तळेगावचं कुणी नव्हतं.

आता माझ्या दारावरून गाडी जाते, गॅसच्या टाक्यांची, दुधाची, कामगारांची बस, आणि मला काही वेगळं ऐकू आलं की मी हातातलं टाकून रस्त्यावर जाते. हात वर करते. ड्रायव्हर थांबतात, शिव्या घालतात, हसतात. "मावशी, तुमाला काय कळतंय इंजिनातलं?" काहींना मी म्हणते, ब्रेक दाबून बघा, आवाज बदलतोय का. माझी पोरं लाजतात. नवरा म्हणतो, येड लागलंय हिला. लागू दे.

काकू गेल्यावर आप्पा यवतला एकटेच होते. जाऊन-येऊन मी बघायचे. शेवटी त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं, माणसाचा नाही, हॉर्नचा नाही, कशाचाच आवाज नाही. एका सकाळी मी शेंगोळे घेऊन गेले. ते जुन्या शेडमध्ये खाटेवर बसलेले, पाठ रस्त्याकडं, तोंड त्या खिडकीकडं. मी समोर बसले आणि बोलायला लागले. ऐकू जात नव्हतं म्हणूनच मला बोलता आलं, हेही इथं लिहून ठेवते. परातीवरचा लाल उजेड सांगितला. तिसरा नट सांगितला. आवाज राहिला होता, मला स्वच्छ ऐकू येत होता, तुम्ही बघत होता आणि मी हात वर केला नाही, हे सांगितलं. दिवेलागणीला खोटं बोलले तेही सांगितलं. ते माझ्या ओठांकडं एकटक बघत होते, पूर्वी डोळे मिटून इंजिनाकडं लक्ष द्यायचे तसे, फक्त डोळे उघडे.

माझं बोलणं संपलं नव्हतं. आप्पांनी मांडीवरचा उजवा हात उचलला आणि वर केला, पंजा माझ्याकडं, बोटं पसरलेली. मी खिडकीत करायचे अगदी तसा. थांब, इथंच आहे.

मी थांबले. तो हात बराच वेळ तसाच होता. त्या वयाला तो इतका वेळ कसा पेलला कोण जाणे. मग तो त्यांनी खाली घेतला आणि शेंगोळ्यांचं भांडं पुढ्यात ओढलं.